उन्हाला भिऊन घरात आणलेली मिरची

घरात मिरची कशी वाढवायची हे शोधायला गेलं की हाती लागतं ते बहुतेक थंड मुलखातल्या लोकांचं ज्ञान. त्यांची मिरची थंडीच्या भीतीने घरात असते. फेब्रुवारीत खिडकीत बी टाकायचं, थंडी ओसरली की रोपं अंगणात न्यायची, उन्हाळाभर मिरच्या खायच्या आणि हिवाळ्यात कुंडी परत घरात. आम्ही पडलो सोलापूरकर. आमच्याकडे मिरची घरात येते ती उन्हाच्या भीतीने. या एका फरकाने सगळं वेळापत्रक उलटं होतं, आणि ते उलटं वेळापत्रक कुठेही लिहिलेलं नसतं.

आमचा फ्लॅट जुळे सोलापुरात, दुसऱ्या मजल्यावर. बाल्कनी पश्चिमेला. मार्चपासून मृग लागेपर्यंत दुपारी तिथे उघड्या पायाने उभं राहता येत नाही. पारा ४२-४३ वर गेला की कुंडीतली माती हाताला चटका देते, आणि मुळं त्या मातीतच असतात. गच्चीवर टाक्या आणि सोलर, शिवाय वर सावलीचं नाव नाही. उरली हॉलची पूर्वेकडची खिडकी. तिथे सकाळी कोवळं ऊन येतं आणि साधारण दहाच्या सुमारास समोरच्या इमारतीची सावली पडते. बाजारात पावशेर मिरची दहा-पंधरा रुपयांत मिळत असताना हा खटाटोप कशाला, हा आईचा प्रश्न होता. त्याला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं, आजही नाही.

बी दोन प्रकारचं घेतलं. एक विकतच्या पाकिटातली पुसा ज्वाला. ही दिल्लीच्या पुसा संस्थेने काढलेली जात. झाड बुटकं आणि झुडपासारखं राहतं, मिरची लांब, बारीक, सुरकुतलेली. कुंडीसाठी बुटकं झाड बरं. दुसरं बी शेजारच्या अक्कांनी दिलं. त्यांच्या तेलंगणातल्या माहेरून आलेल्या वाळक्या मिरच्यांतलं. जात कोणती ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. "तिखट हाय, एवढं माहीत हाय," म्हणाल्या. तेवढी माहिती पुरेशी होती.

उगवण हा सोलापुरात प्रश्नच नाही. मिरचीच्या बीला २५ ते ३० अंश ऊब लागते. थंड देशातले लोक त्यासाठी बीखाली विजेवर तापणारी चटई घालतात. आमच्याकडे फेब्रुवारीच्या दुपारी स्वयंपाकघराची खोली आपोआप तेवढी असते. रात्रभर कोमट पाण्यात भिजवलेलं बी ओल्या टिश्यूत गुंडाळून डब्यात ठेवलं आणि आठवड्याभरात पांढरे कोंब दिसायला लागले. अक्कांचं बी थोडं मागे राहिलं, पण आलं. पुढे कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलेल्या चहाच्या कागदी कपांत एकेक कोंब लावला. या टप्प्यावर मरतात ती रोपं पाण्याने. वर सतत ओल राहिली की बुरशी बुडाशी धरते आणि काल सरळ असलेलं रोप आज आडवं. कपाचा वरचा थर सुकू द्यायचा, पाणी खालच्या ताटलीतून द्यायचं आणि दिवसातून थोडा वेळ पंखा चालू ठेवायचा. एवढं केलं की बाकी काही लागत नाही.

खरी अडचण उजेडाची, आणि ही गोष्ट सोलापुरात राहणाऱ्याला पटायला वेळ लागतो. आमच्या घरात भर दुपारी पडदे ओढून बसावं लागतं, तिथे उजेड कमी कसा? पण डोळा फसवतो. मोबाइलवर उजेड मोजायचं फुकटचं ॲप उतरवून घेतलं. दुपारी गच्चीवर आकडा लाख लक्सच्या पलीकडे (लक्स हे उजेडाचं माप). खिडकीच्या काचेशी, ऊन नसताना, काही हजार. खिडकीपासून दोन पावलं आत आलं की काही शे. माणसाला पेपर वाचायला काही शे पुरतात, मिरचीला नाही. रोपं चार पानांवर आली आणि खिडकीच्या दिशेला मान काढून लांबायला लागली. पेरं लांब, देठ दोऱ्यासारखा. अशा लुकड्या रोपाला पुढे फळांचं ओझं पेलत नाही.

मग साधे एलईडी बॅटन आणले. चार फुटी, २० वॅटचे, ६५०० केल्विनचे म्हणजे ज्यांना दुकानात 'कूल डेलाइट' म्हणतात ते. 'ग्रो लाइट' म्हणून जांभळे दिवे मिळतात, त्यांच्या नादी लागलो नाही. पांढऱ्या उजेडात झाडाला लागणारे रंग असतातच, शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे ते कळत नाही, आणि हॉलमध्ये बसायचं आपल्यालाच असतं. आधी दोन लावले, झाडं मोठी झाल्यावर तिसरा. तीन बॅटन रोज १४ तास म्हणजे ०.८४ युनिट, महिन्याला साधारण २५ युनिटं. वायफळ म्हणावा असा खर्च नाही, पण फुकटही नाही. रोपं लहान असताना दिवा वीतभर वर, मोठी झाल्यावर फूटभर वर. टायमर लावून रात्री अंधार करायचा, कारण झाडालाही अंधार लागतो.

मागे आणि दोन्ही बाजूंना पांढरे टर्किश टॉवेल टांगले. मी टॉवेल कारखान्यांचे हिशेब लिहितो, तेव्हा घरात 'सेकंड'चे, म्हणजे किरकोळ दोष असलेले, टॉवेल पायलीने पडलेले. थर्माकोल किंवा पांढरा पुठ्ठाही चालतो. खिडकीपासून दूर जाणारा उजेड परतवून पानांवर टाकणं एवढाच हेतू. पहाटे पाचलाच पेटलेली ही खिडकी रस्त्यावरून दिसते. खालच्या मजल्यावरचे काका एकदा जिन्यात गाठून म्हणाले, "का बे, कोंबडीची पिल्लं पाळलालास काय वर?"

मातीबद्दल आमच्या भागात एक गर्व असतो. काळी माती, ज्वारी पिकवणारी, सोन्यासारखी वगैरे. शेतात आहेही ती तशी. कुंडीत मात्र ती पाणी धरून बसते, वाळली की भेगाळते आणि भेगेसोबत मुळं तुटतात. मी काळी माती जेमतेम एक हिस्सा घेतली, दोन हिस्से कोकोपीट, एक हिस्सा गांडूळखत आणि निचऱ्यासाठी भुईमुगाच्या शेंगांची टरफलं चुरून. सोलापुरात शेंगांच्या टरफलांना तोटा नाही. उरलेली टरफलं वरून अंथरली, त्याने ओल टिकते. कुंडी म्हणजे रंगाची रिकामी दहा लिटरची बादली, बुडाला भोकं पाडलेली. लहान कुंडीत मिरची येते, पण दर चार तासांनी तोंड सुकवून बसते.

पाण्याचं आमच्याकडे आधीच नाजूक. उजनी धरणाचं पाणी काही दिवसांआड येतं आणि मधल्या काळात बोअरवर भागवायचं. बोअरचं पाणी जड. बादलीच्या कडेला पांढरा थर साचायला लागला आणि नव्या पानांचा रंग उडाला. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. जमिनीत लोह नसतं असं नाही. माती आणि पाणी दोन्ही विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, असलं की झाडाला ते उचलता येत नाही. म्हणूनच 'कुंडीत चुलीतली राख टाका' हा सल्ला आमच्या बाजूला मी कुणाला देणार नाही. राखेत पालाश असतं हे खरं, पण तीही विम्लच. मार्केट यार्डाजवळच्या कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही झाडाला उचलता येईल अशा रूपातलं लोह, आणलं, चिमूटभर पाण्यातून दिलं. मिरचीला नळाचं पाणी राखून ठेवलं, आणि महिन्यातून एकदा बादली मोरीत नेऊन भोकांतून भरपूर पाणी वाहून जाऊ दिलं. आरओतून वाया जाणारं पाणी झाडांना घालणारे बरेच आहेत. त्यात क्षार आणखी दाट होऊन आलेले असतात. त्याने फरशी पुसावी.

पाणी कधी द्यायचं हे बोटाने नाही, बादली उचलून ठरवायचं. हलकी लागली की द्यायचं. मिरचीला वाफसा, म्हणजे ओलसर पण मोकळी माती आवडते, चिखल नाही.

आता फुलांचं.

फेब्रुवारीत पेरलेल्या खेपेला एप्रिलच्या सुरुवातीला कळ्या आल्या. मिरचीची पहिली कळी मुख्य खोडाला पहिला फाटा फुटतो त्या बेचक्यात येते, मग प्रत्येक फाट्याला फाटा आणि प्रत्येक बेचक्यात कळी. बघताना मोठी मौज वाटते. फुलं पांढरी, लहान, मान खाली घातलेली. आणि मग एकेक गळायला लागली. सकाळी टरफलांवर चार-पाच फुलं पडलेली, देठासकट. देठाच्या सांध्याशी पिवळी कडी दिसली की समजायचं, हे उद्या जाणार.

अक्कांनी उपाय सांगितला. आंबट ताकात चिमूटभर हिंग घालून फवारायचं. फवारलं. हॉलला दोन दिवस कढीचा वास. फुलं गळतच राहिली. दुकानदाराने फूलगळ थांबवायचं संजीवक, म्हणजे झाडाच्या वाढीवर परिणाम करणारं औषध, पुढे केलं. शेतकरी ते वापरतात, पण मला आधी गळती कशाने आहे ते हवं होतं.

ते कळलं एका स्वस्तातल्या थर्मामीटरने. चोवीस तासांतलं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी तापमान लक्षात ठेवणारा आणि हवेतली आर्द्रता दाखवणारा डिजिटल थर्मामीटर मिळतो. तो झाडांत ठेवला. दिवसाचा आकडा ३७-३८ येईल हे अपेक्षित होतं, आला. रात्रीच्या आकड्याची मला कल्पना नव्हती. रात्री बाहेर वारं सुटतं, पारा पंचविशीला येतो, गच्चीवर झोपणारे सुखाने झोपतात. पण घरात स्लॅब दिवसभर तापून रात्रभर ती ऊब आत सोडतो. आमच्या हॉलमध्ये पहाटेचा सगळ्यात कमी आकडा ३१ होता. आर्द्रता दुपारी विसाच्याही खाली.

मिरचीचं गणित असं की दिवस ३५ च्या वर आणि रात्र २४ च्या वर राहिली की परागकण धड तयार होत नाहीत, फळ धरत नाही आणि झाड ते फूल टाकून देतं. तिखट खाणाऱ्या मुलखाचं झाड म्हणून त्याला उष्णता आवडत असेल, हा आपला समज. पानांना आणि खोडाला ती चालते. फुलाला चालत नाही. शिवाय घरातली रात्र बाहेरच्या रात्रीपेक्षा गरम, म्हणजे उन्हातून सोडवायला आत आणलेलं झाड दिवसा सुटतं आणि रात्री सापडतं. ताक, हिंग, संजीवक यांतलं काही रात्रीचा पारा उतरवत नाही.

कूलर उतरवतो. आईच्या खोलीतला वाळ्याचा कूलर रात्री चालू असताना तिथला आकडा सव्विसाला येत होता आणि आर्द्रता पन्नाशीच्या पुढे. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर चालतो तो यामुळेच. एक बादली तिथे नेऊन ठेवली, वाऱ्याच्या झोतात नाही, बाजूला. तिच्यावर मे महिन्यात तीन मिरच्या लागल्या. हॉलमधल्या झाडांवर एकही नाही. सव्वीस म्हणजे चोविसाच्या वरच, पण एकतीस आणि सव्वीस यांत फरक आहे. आईचं म्हणणं, कूलर तिच्यासाठी आहे. तेही बरोबर होतं.

तेव्हा हॉलमधल्या झाडांबाबत वेगळा विचार केला. फळ धरणारच नसेल तर फुलांवर ताकद का घालवायची? कळी दिसली की खुडायची. शेंडे छाटले, दुपारी पातळ पडद्याआड ठेवलं, पाणी रोज थोडं. मे महिना ही झाडं नुसती जगली पाहिजेत, एवढंच उद्दिष्ट. जूनच्या मध्यावर पाऊस आला, स्लॅब निवला, रात्रीचा आकडा चोविसाच्या आसपास उतरला आणि छाटलेल्या झाडांना दोनेक आठवड्यांत अशा कळ्या फुटल्या की पाहून अक्का म्हणाल्या, "बघा, ताक लागू पडलं." मी वाद घातला नाही.

दुसरी खेप मी जूनअखेरीला पेरली आणि सोलापूरसाठी तीच खरी. पावसाळ्यात वाढ, गणपती-नवरात्रात फुलं, दिवाळीपासून मिरच्या आणि संक्रांतीला, सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा, झाड ऐन बहरात. थंडीत आमच्याकडे पारा पंधराच्या आसपास उतरतो तो उघड्यावर. घरात तसा उतरत नाही. एप्रिलमध्ये शत्रू असलेला तो स्लॅब डिसेंबरात पांघरूण होतो.

फूल टिकलं म्हणजे फळ धरलं असंही नाही. शेतात वारा असतो, मधमाशा असतात. बंद खिडकीत काहीच नाही. मिरचीच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, तेव्हा लांबून काही आणावं लागत नाही, फक्त हलवावं लागतं. सकाळी आठ ते अकरा ही वेळ. परागकोश निळसर जांभळे असतात, ते फुटले की त्यांच्यावर पांढरट भुकटी दिसते. तेव्हा फांदीला खालून टिचकी मारायची. बॅटरीवर चालणारा टूथब्रश फुलामागच्या देठाला टेकवला तरी छान होतं. मुलांच्या रंगपेटीतला ब्रशही वापरून पाहिला, पण त्यात फुलाचे नाजूक भाग मोडतात. टिचकी उत्तम. सकाळी कामावर निघताना मी, आणि दहाला अक्का किल्ली घेऊन येऊन. "काय करलालाव, मी हाय की," म्हणून त्यांनी ते काम स्वतःकडे घेतलं आणि माझ्यापेक्षा नेमाने केलं.

फळ धरल्याची खूण अशी. पाकळ्या तपकिरी होऊन टोपीसारख्या अडकून राहतात, देठ पिवळा पडण्याऐवजी जाडावतो, आणि पाकळ्यांच्या टोपीतून हिरवं टोक डोकावतं. तिथून तोडण्याजोगी हिरवी मिरची व्हायला महिनाभर किंवा थोडं जास्त, आणि लाल व्हायला आणखी दोन-तीन आठवडे.

खताचं थोडक्यात. शेंगपेंड भिजवलेलं पाणी आमच्याकडे सर्रास घालतात. त्यात नत्र भरपूर. झाड वाढतं आहे तोवर ठीक, कळी दिसली की बंद. नत्र चालू राहिलं तर झाड दृष्ट लागण्यासारखं हिरवंगार होतं आणि फुलायचं विसरतं. कळीला ०:५२:३४ आणि फळं धरल्यावर १३:०:४५, लिटरला एक ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी. हे आकडे खतातल्या नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्क्यांचे. शेतकऱ्यांची ठिबकातून सोडायची खतं ती हीच. दुकानात किलोचं पाकीट मिळतं, ते चार घरांत वाटून घ्यावं, नाहीतर आयुष्यभर पुरेल.

कीड घरात येत नाही असं वाटत असेल तर ती खिडकीच्या जाळीतून येते, बाजारातल्या कोथिंबिरीवरून येते, कपड्यांवरून येते. आणि एकदा आली की तिला खाणारा ढालकिडा मागोमाग येत नाही, हा घरातल्या बागेचा मोठा तोटा. नोव्हेंबरात एका झाडाची शेंड्याची पानं चुरगळली. मिरचीवाले शेतकरी ज्याला चुरडा-मुरडा म्हणतात ते. पानं वरच्या बाजूला वळली तर बहुधा फुलकिडे, खाली वळली तर कोळी, म्हणजे रस शोषणारी अगदी बारीक कीड. माझी खाली वळली होती. भिंगातून पाहिलं तर पानामागे हलणारे ठिपके. शेंडा कापून पिशवीत बंद करून टाकला, झाड न्हाणीघरात नेऊन पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे थेंब, दिवे बंद असताना. चार-पाच दिवसांनी परत. ते झाड बाकीच्यांपासून महिनाभर दूर ठेवलं. पांढऱ्या माशीतून येणारा विषाणूचा चुरडा असता तर झाड उपटून टाकण्यावाचून इलाज नव्हता. त्यासाठी पिवळे चिकट कागद टांगून ठेवले आहेत. त्यांना पाहुण्यांचे केस चिकटतात, ते वेगळं.

पहिला तोडा ज्वालाचा. आईने भाकरी थापली, तव्यावर मिरच्या, लसूण, मीठ रगडून खर्डा केला आणि एक घास खाऊन म्हणाली, "ही मिरची आहे का भेंडी?" सपक होती खरी. तिखटपणा असतो तो बीत नसतो, बी ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेलं असतं त्यात तयार होतो. कोवळ्या मिरचीत तो कमीच. शिवाय लाडात वाढलेलं, कधी तहान न लागलेलं झाड मिरची गोडसर देतं. नंतर मिरच्या थोड्या जून होऊ दिल्या आणि तोडायच्या आधी दोन दिवस पाणी ताणलं, पानं किंचित मलूल दिसेपर्यंत. दुसऱ्या खर्ड्याला आई काही बोलली नाही, पाण्याचा तांब्या मात्र जवळ ओढला. अक्कांच्या बियांच्या मिरच्या तर बोटभरही नाहीत. त्या तोडून झाल्यावर डोळ्याला हात लावायची सोय नाही.

हिरव्या तोडत राहिलं तर झाड नव्या कळ्या काढत राहतं. लाल होऊ दिल्या की त्याचा हात आखडतो. म्हणून ज्वाला हिरवी तोडतो आणि अक्कांच्या झाडावरची दहा-बारा फळं बियांसाठी लाल होऊ देतो. उरलेल्या अक्का नेतात, चिरा देऊन ताकात मुरवतात आणि उन्हात वाळवतात. त्या कामाला त्यांना आमची बाल्कनी लागते. पश्चिमेच्या त्या उन्हाचा आमच्या घराला झालेला हा पहिलाच उपयोग.

मिरची वर्षात मरायलाच पाहिजे असं नाही, झाड दोन-तीन वर्षं जगतं. फेब्रुवारीअखेर सगळी झाडं वीतभर ठेवून छाटली. दोन नव्या मातीत, बाकीची आहे त्याच बादल्यांत. दिवे आता दहा तासांवर आणले आहेत. एक बादली कूलरजवळ जाईल, बाकीच्यांना आईची परवानगी मिळालेली नाही. त्यांच्या कळ्या मृगापर्यंत खुडायच्या, आणि जूनअखेरीला अक्कांचं नवं बी भिजत घालायचं.